नागलीच्या पुरचुंड्या

“घरी तांदूळ असतीलच ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नाशिकच्या त्या गारढोण दवाखान्यात माझ्या छातीची मापं नुकतीच घेऊन झाली होती. मनात शंभर शंका होत्या, पण तांदळाबद्दल कोणी विचारेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आमच्या जव्हारकडे तांदूळ नसलेलं घर शोधूनही सापडायचं नाही. “आहेत की, भरपूर आहेत,” मी म्हणाले.

“मग झालं. मऊ कापडाच्या पुरचुंड्या शिवा आणि मापाच्या पेल्याने त्यात तांदूळ भरा. आतल्या कपड्यात घालून घरात वावरा, कामावर जा, जिना चढा. आरशात बघून आकार ठरवू नका, अंगावर वागवून ठरवा.”

मला हे एकदम पटलं. आपण चप्पलसुद्धा चार पावलं चालून बघितल्याशिवाय घेत नाही, आणि ही तर रोज रात्री काढून ठेवायचीही सोय नाही.

हे सगळं कशासाठी, ते आधीच सांगून टाकते. मी शिक्षिका. घर जव्हारला, शाळा दाभोशाच्या बाजूला एका पाड्यावर. दोन मुलांना अंगावर पाजलं. धाकटा तर शेंबूड पुसायला शिकला तरी सोडायला तयार नव्हता, आणि मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण दूध गेलं आणि दुधापाठोपाठ छातीही गेली. ब्लाउज पुढून चुरगळून बसायला लागला. मी पदर दोन-दोन ठिकाणी टाचायला लागले, हजेरीपट छातीशी कवटाळून चालायला लागले. हळूहळू खांदे पुढे आले ते तिथेच राहिले. आंघोळ करताना मी भिंतीकडे बघायचे.

नवरा म्हणायचा, “मला तर काही कमी वाटत नाही.” तो खरंच बोलायचा आणि ऐकून बरंही वाटायचं. पण हे त्याच्यासाठी नव्हतंच. मला नटी व्हायचं नव्हतं, कोणाच्या नजरेत भरायचं नव्हतं. मला फक्त माझं मीपण परत हवं होतं, पूर्वी होतं तेवढंच, वर एक चिमूटही नको.

म्हणून माझी अट एकच होती: कोणाला कळता कामा नये. जव्हार काही मुंबई नाही. इथे एका आळीत कोणी शिंकलं तर दुसऱ्या आळीत काढा उकळायला ठेवतात. शाळेच्या गावात तर विचारूच नका. ‘बाईंनी छाती करून घेतली’ एवढं एक वाक्य सुटलं असतं, तर पुढे निवृत्त होईपर्यंत मी तेवढ्या वाक्यापुरतीच उरले असते. आणि सगळ्यात आधी ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्या माझ्या सासूबाई. त्या आमच्याकडेच राहतात, मूळच्या खोडाळ्याकडच्या, आणि त्यांच्या नजरेतून भाजीतलं मीठसुद्धा सुटत नाही.

डॉक्टरीणबाईंनी छातीत बसवायच्या सिलिकॉनच्या पिशव्यांचे दोन आकार माझ्यापुढे ठेवले होते. एक लहान, एक त्याहून जरासा मोठा. माझ्या छातीच्या रुंदीत दोन्ही बसत होते. “मोठा घेतलात तर तुम्हाला कळेल आणि लोकांनाही कळेल. लहान घेतलात तर बहुतेक तुम्हालाच कळेल,” त्या म्हणाल्या. हे जन्मभराचं नसतं, पुढेमागे बदलावंही लागतं, तपासण्या करत राहायच्या, दुखणार, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. गोड बोलून गळ्यात मारलं नाही, म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

खरं तर इथेच निर्णय व्हायला हवा होता. गुपित ठेवायचं तर लहान घ्या आणि मोकळ्या व्हा! पण माणसाचं मन मोठं लबाड. घाट उतरून परत येताना मनात आलं, एवढी भूल घ्यायची, कापून घ्यायचं, टाके सोसायचे, आणि दिसायला काहीच नको? थोडं तरी दिसलं पाहिजे की! कळू नये असंही वाटत होतं आणि दिसावं असंही. घरी येऊन नवऱ्याला आकडे सांगितले. तो मोखाड्याला तहसील कचेरीत कारकून आहे, रोज मोटारसायकलने जातो-येतो. आकड्यांपुढे सीसी असतं म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला.

“अगं, माझी गाडी शंभर सीसीची. दोघं बसून, मागे तांदळाचं पोतं बांधून घाट चढते.”

“म्हणजे?”

“म्हणजे कमी सीसीतही काम भागतं, एवढंच म्हणणं.”

मी त्याच्या अंगावर उशी फेकली, पण हसू काही आवरलं नाही.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि माझी परीक्षाही. धाकट्याच्या बाळपणीच्या जुन्या मलमलीच्या दुपट्यातून मी दोन लहान आणि दोन मोठ्या पुरचुंड्या शिवल्या. आधी लहान भरल्या, तांदळाने. पहिल्या दिवशी जीपमध्ये बसले. आमच्याकडची जीप म्हणजे माणसं बसत नाहीत, रचतात. वळणावर शेजारची बाई अंगावर आली की तांदळाचा कर्रकन आवाज व्हायचा आणि मी खोकायचे. वर दाणे टोचायचे ते वेगळंच. फळ्यावर लिहायला हात वर केला तर पुरचुंडी काखेकडे पळायची. तिसरीच्या वर्गात मुलांना गुणाकार समजावत होते, तर पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, तुमच्यातून तांदूळ पडतायत.”

शिवण उसवली होती. वर्गातलं प्रत्येक पोर बाकाखाली वाकून दाणे वेचायला लागलं. “लग्नाला गेले होते, अक्षता अडकल्या असतील,” मी म्हणाले. जूनच्या अखेरीला कुठलं लग्न, हे तिसरीच्या पोरांनी विचारलं नाही, देव त्यांचं भलं करो.

त्या दिवशी घरी येऊन मी तांदूळ ओतून टाकले आणि नागली भरली. इतर ठिकाणी तिला नाचणी म्हणतात. बारीक, गोल, मोहरीएवढा दाणा. टोचत नाही, वाजत नाही, हाताने दाबलं तर दबतो आणि सोडलं की परत आपल्या जागी येतो. पुरचुंडी अंगाला अशी लागून बसली, की मी आरशापुढे उभी राहिले आणि कितीतरी वर्षांनी खाली बघितलं. मग बाजूने बघितलं. मग दार लावलंय ना याची खात्री करून परत बघितलं. मला रडू आलं. म्हटलं, या बाईला मी ओळखते.

आता प्रश्न लोकांचा. आमच्या शाळेत आम्ही दोघीच शिक्षिका. माझी सहकारी स्वभावाने सोनं, पण डोळे घारीचे. कानातलं बदललं तरी तिला फाटकातून दिसतं. तिच्या नजरेतून सुटलं ते सुटलंच, म्हणून मी तिलाच परीक्षक नेमलं, तिच्या नकळत. लहान पुरचुंड्या घालून गेले तर ती म्हणाली, “ब्लाउज नवा शिवलास का गं? छान बसलाय.” ब्लाउज चांगला जुना होता. मी दिवसभर हवेत होते.

इथे थांबायला हवं होतं. पण हाव वाईट. पुढच्या आठवड्यात मी मोठ्या पुरचुंड्या काढल्या. सहकारीण मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, “तब्येत सुधारली तुझी. काय खातेस?” मी म्हटलं, हे काही वाईट नाही. तब्येत सुधारली म्हणणं म्हणजे कौतुकच. अजून थोडे दिवस बघू. आणि मी घरातही मोठ्या पुरचुंड्या घालूनच वावरायला लागले.

मग एक दिवस शाळेतून निघाले तर जीप यायच्या आधी पावसाने गाठलं. आमच्याकडचा आषाढातला पाऊस छत्रीला जुमानत नाही. निथळत घरी आले तर धाकट्याला ताप भरलेला. ओल्या पुरचुंड्या काढून न्हाणीच्या खुंटीला टांगल्या आणि पोराकडे धावले. त्यानंतर त्यांची आठवणच राहिली नाही. पोराचा ताप उतरला तेव्हा बघायला गेले, तर खुंटी रिकामी. नवऱ्याने कुठेतरी ठेवल्या असतील, असं धरून चालले. त्यालाही विचारायचं राहून गेलं. लहान पुरचुंड्या मात्र कपाटात कोरड्या होत्या, त्या घालून शाळा चालू ठेवली.

घरात मात्र काहीतरी वेगळंच सुरू झालं होतं. पाण्याचा हंडा उचलायला वाकले तर सासूबाई आडव्या आल्या. “ठेव तो. मी उचलते.” सकाळी चहाच्या ऐवजी दूध-तूप पुढे आलं. शेजारून पपई आली होती ती त्यांनी माझ्या ताटातून उचलून नवऱ्याच्या ताटात टाकली. संध्याकाळी मला म्हणाल्या, “जीपमधी मागं बसू नको. डायवरच्या बाजूला बस, धक्के लागत नाय.” आमचं दोघींचं भांडण कधी नव्हतं, पण इतकं सूतही कधी जुळलं नव्हतं. मला वाटलं, मुलाच्या आजारपणात मी दमले म्हणून त्यांना माया आली असेल.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर सूप. सुपात नागली पसरलेली. प्रत्येक दाण्याला पांढरा, नाजूक मोड. बाजूला मलमलीच्या दोन्ही पुरचुंड्या, धुवून, घडी करून ठेवलेल्या.

“बघ कसे मोड आले,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. “तू टांगून इसरलीस, मीच पाणी मारत गेले. पर इतक्या आधी कशाला घातलीस? सत्त्व बाळाला लागतंय सा महिन्यांनी.”

आमच्याकडे नागली भिजवतात, मऊ फडक्यात बांधून टांगतात, मोड आले की वाळवून दळतात. ते सत्त्व, तान्ह्या बाळाचं पहिलं अन्न. माझ्या दोन्ही मुलांचं सत्त्व त्यांनीच केलं होतं. ओल्या नागलीची बांधलेली पुरचुंडी दिसल्यावर आमच्याकडची कुठलीही सासू दुसरा काही विचार करूच शकत नाही.

मी खांबासारखी उभी. त्या जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “मना आधीच कळलं व्हतं. अंग भरलंय तुझं.” आणि त्यांची नजर सरळ माझ्या छातीवर. “कोनाला बोलले नाय मी. तीन महिने झाल्याबिगर बोलू नये.”

मोठी मुलगी आठवीत, मी चाळिशीच्या उंबऱ्यावर, आणि सासूबाई कोपऱ्यात बघत होत्या, तिथे जुन्या साड्यांचा गठ्ठा होता. बाळाच्या गोधडीसाठी त्यांनी तो ट्रंकेतून काढलाही होता. खोटं बोलले असते तर दोन दिवस निभलं असतं. पण त्या गठ्ठ्यापुढे खोटं बोलवेना.

“आई, बसा जरा,” मी म्हणाले. “बाळ नाहीये.”

त्या बसल्या. मी सगळं सांगितलं. नाशिक, डॉक्टरीणबाई, पुरचुंड्या, जीप, अक्षता, सगळं. बोलताना माझे कान तापले होते. त्या सुपातल्या नागलीवरून हात फिरवत ऐकत होत्या. गोधडी गेली, याचं दुःख त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“त्यात दूध येतंय?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मंग कोनाच्या कामाचं?”

“माझ्या,” मी म्हणाले. “आई, मला आंघोळ करताना भिंतीकडे बघावं लागतं.”

त्यांचा सुपातला हात थांबला. बाहेर पागोळ्यांचा आवाज येत होता. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतायत. बघते तर हसतायत. तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“पोरांनी अक्षता येचल्या?” त्यांनी कसंबसं विचारलं आणि परत सुटल्या. मग मीही सुटले. नवरा दारात येऊन उभा राहिला, आम्हाला बघितलं आणि शहाण्यासारखा परत गेला.

हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. “मना पाच पोरं,” त्या म्हणाल्या. “पाचांनी वढून वढून काय ठेवलंच नाय. मी बी भिताडाकडं बघूनच अंघोळ केली जलमभर. मना वाटायचं समद्या बाया तशाच करतात.”

मी त्यांचा हात धरला. तसा आम्ही कधी धरत नाही.

“कर तू,” हात सोडवत त्या म्हणाल्या. “पर मोठं घेऊ नको. माझ्यासारख्या मोतीबिंदू काढलेल्या बाईला दिसलं, तर गावाला दिसंल. बारकं घे. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगून पटलं नव्हतं, आरशाने सांगून पटलं नव्हतं, ते आईंच्या एका वाक्याने पटलं. त्याच दिवशी फोन करून मी लहान आकार कळवला.

मोड आलेली नागली टाकून द्यायची नाही, असा त्यांचा दंडक. सत्त्वाला बाळ नाही म्हटल्यावर त्यांनी ती परसातल्या उतारावर नेऊन पेरली. “उशीर झालाय, पर येईल,” म्हणाल्या. आणि खरंच आली. गणपतीपर्यंत परसात हिरवंगार झालं. मी भांडी घासताना त्या रोपांकडे बघायचे आणि एकटीच हसायचे.

ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत झालं. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा सासूबाईंनी “बायकांचं ऑपरेशन” एवढंच सांगितलं, पण असा चेहरा करून, की पुढे विचारायची कोणाची छाती झाली नाही. सगळ्यांनी शहाळी आणून दिली. दुखलं, भरपूर दुखलं. हात वर जात नव्हते. सासूबाई रोज सकाळी मला पाटावर बसवून वेणी घालून द्यायच्या, लग्न होऊन आल्यापासून कोणी घातली नव्हती तशी. परसातली नागली त्यांनी एकटीने कापली, झोडली, दळून आणली आणि तिची भाकरी माझ्या ताटात वाढली. नवऱ्याने पहिला घास घेतला, चावता चावता थांबला. “ही तीच ना?” त्याने विचारलं. “गप खा,” त्याची आई म्हणाली.

पट्ट्या निघाल्या आणि सूज ओसरली, तेव्हा मी साडी नेसून त्यांच्यापुढे उभी राहिले. त्यांनी चष्मा लावला. समोरून बघितलं, बाजूने बघितलं, खिडकीजवळ नेऊन बघितलं. मग खूप वाईट वाटून म्हणाल्या, “काय फरकच दिसत नाय गं.”

डॉक्टरीणबाईंनी मला फसवलं, असंच त्यांना वाटलं. मी उशी पोटाशी धरून हसत राहिले, टाके ओढ घेत होते तरी.

शाळा उघडली. मी फाटकातून आत आले. घारीचे डोळे माझ्यावर रोखलेले. “नव्या चपला घेतल्यास का?” सहकारीण म्हणाली. “उंच दिसतेस.” पायात त्याच जुन्या चपला होत्या. वर्गात गेल्यावर लक्षात आलं, की हजेरीपट माझ्या काखेत होता, छातीशी नव्हता. तो मी कधी खाली घेतला तेही मला कळलं नव्हतं. इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी मी मुलांना गृहपाठच दिला नाही.

आता लहान पुरचुंड्यांचं काम संपलं होतं. उसवून नागली डब्यात ओतावी म्हणून कपाटात हात घातला, तर त्या जागेवर नव्हत्या. सोबत माझी एक जुनी ब्रासुद्धा दिसेना. आईंनी पुरचुंड्या रिकाम्या करून नागली दळायला दिली असेल, असं समजून मी कपाट लावलं.

माघात खोडाळ्याला पुतण्याचं लग्न होतं. सासूबाईंनी त्यासाठी हिरवी साडी आणि नवा ब्लाउज शिवून घेतला होता. मांडवात सगळीकडे घाई. मी अक्षता वाटत होते आणि त्या वराच्या आजीच्या मानाने पुढे बसायला निघाल्या होत्या. तेवढ्यात त्या वळल्या, आणि मला दिसलं. वयाला शोभेल इतकंच, बेताचं, पदराखाली नीट बसलेलं. मांडवभर बाया होत्या, त्यांच्या बहिणी होत्या, जावा होत्या. कोणाच्याही ध्यानात आलं नाही. ज्या बाईने जन्मभर भिंतीकडे बघून आंघोळ केली, ती भर मांडवात खांदे मागे घेऊन चालत होती.

माझी नजर त्यांनी पकडली. एकदम बावरल्या. हात पदराकडे गेला, आठवीतल्या पोरीचा जातो तसा.

“काय बगतेस?” त्यांनी हळूच विचारलं.

मी अक्षतांचं ताट बाजूला ठेवलं. त्यांना समोरून बघितलं, बाजूने बघितलं, मांडवाच्या उजेडाकडे जरा वळवून बघितलं.

“काहीच फरक दिसत नाही, आई,” मी म्हणाले.

त्या हसल्या, पदर सारखा केला आणि पुढच्या रांगेत जाऊन ताठ बसल्या.